बटण्याच्या नोंदी

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

आमच्या अॅनिमेशन मालिकेच्या पहिल्या भागाची संहिता काल रात्री पक्की झाली. एकूण सहा भाग, प्रत्येक सात मिनिटांचा. दिवाडी बेटावरचं एक घर: आजी, आई, फेरीबोटीवर कामाला असलेले बाबा, नऊ वर्षांचा दादा आणि साडेचार वर्षांची मनू. मनूकडे आजीनं शिवलेलं एक कापडी खेळणं आहे. बेतताना तो ससा होता. मग कान खाली पडले, पाय आखूड झाले, आणि आता दादा त्याला रेडकू म्हणतो, बाबा डुक्कर म्हणतात. एक डोळा करवंटीच्या बटणाचा, दुसरा बाबांच्या जुन्या शर्टाच्या बटणाचा. म्हणून नाव बटण्या.

बटण्या माझ्या वाट्याला आला. म्हणजे त्याचा आराखडा, रंग, रिग (चित्र हलवायला आत बसवलेला हाडांचा सांगाडा) आणि सगळ्या हालचाली. वाटणी करताना दिग्दर्शिका म्हणाली, "तुला सगळ्यात सोपं दिलंय. त्याला तोंडसुद्धा हलवायचं नाही." हे वाक्य मी तारखेसकट लिहून ठेवतेय.

आम्ही चौघं. दिग्दर्शिका पणजीत, पार्श्वभूमी रंगवणारा डिचोलीत, आवाज आणि संकलन बघणारा मडगावात, आणि मी म्हार्दोळला घरीच, आईच्या शिलाई मशीनला लागून असलेल्या टेबलावर. मालिका मराठीत आहे. आजी मात्र कोकणीतच बोलेल, कारण आमच्यापैकी कुणाचीच आजी मराठीत रागवत नसे.

११ फेब्रुवारी

दिवसभर नुसतं वाचन आणि बघणं. ब्लूई पुन्हा लावलं. ब्रिस्बेनच्या लूडो स्टुडिओची ही मालिका ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाली, तिचेही भाग सात-सात मिनिटांचे. दुसऱ्या पर्वातला 'स्लीपीटाइम' हा भाग मी चौथ्यांदा बघितला. धाकटी बिंगो स्वप्नात अवकाशात फिरते आणि तिचा ससा फ्लॉपी तिच्या सोबत असतो. मागे होल्स्टचं संगीत. शेवटी ती फ्लॉपीला दुसऱ्या सशांबरोबर जाऊ देते. आज माझं लक्ष एकाच गोष्टीवर होतं: फ्लॉपीचा चेहरा किती कमी हलतो. जवळजवळ नाहीच. तरी गळा दाटतो.

आमचं खेळणं घरी शिवलेलंच का हवं, यावर संध्याकाळी फोनवर तासभर गेला. माझं म्हणणं सरळ आहे. विकतचं खेळणं हरवलं तर बाबा पणजीला जाऊन दुसरं आणतील आणि गोष्ट दोन मिनिटांत संपेल. घरच्या खेळण्याला दुसरा नग नसतो. आजी दुसरं शिवेल, पण ते दुसरं असेल. पहिल्या भागात बटण्या फेरीबोटीवर विसरतो आणि जुने गोवे ते दिवाडी अशा दिवसभर फेऱ्या मारतो. त्या सगळ्या फेऱ्यांचा भार या एका गोष्टीवर आहे.

डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. त्यांनी १९५१ साली वाचलेला आणि १९५३ साली छापून आलेला एक निबंध बाळाच्या पहिल्या 'आपल्या' वस्तूबद्दल आहे. गोधडीचं टोक, कापडाची चिंधी, मऊ बाहुली. त्यात एक निरीक्षण मला कामाचं वाटलं: आई ती वस्तू मळू देते, तिला वासही येऊ देते, कारण ती धुतली तर मुलाच्या अनुभवात खंड पडतो. दिग्दर्शिकेला हे वाचून दाखवलं. ती दोन क्षण गप्प राहिली आणि म्हणाली, "चौथा भाग मिळाला. आई बटण्याला धुते. जुलै महिन्यात."

जुलैत गोव्यात काही वाळतं का!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

म्हापशाचा बाजार. कापड शोधायला गेले आणि दोन शेर गावठी मिरच्या घेऊन आले. कापड मिळालं नाही असं नाही, ठरलं नाही.

मूळ कल्पना कुणबी साडीच्या तुकड्याची होती. लाल कापड, पांढऱ्या बारीक चौकडी. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती साडी हातमागावर पुन्हा विणून घेतली, नव्या रूपात लोकांपुढे आणली, आणि तेव्हापासून गोवा म्हटलं की ती चौकडी पोस्टरवर येतेच. मला तिथंच खटकलं. आमची आजी कुणबी नाही. तिच्या ट्रंकेत ती साडी कुठून येणार? बघणाऱ्याला गोवा ओळखू यावा म्हणून बटण्याच्या अंगावर पाटी लावल्यासारखं होईल.

दुसरं कारण जास्त साधं आणि जास्त पटणारं निघालं. डिचोलीहून पार्श्वभूमीची पहिली चित्रं आली: लाल माती, चिऱ्यांच्या भिंती, नळ्यांची छपरं. त्यावर लाल खेळणं ठेवलं तर दिसतच नाही. बटण्या अर्धा वेळ जमिनीवर पडलेला असणार. म्हणजे त्याला मातीच्या उलट रंग हवा.

येताना बसमध्ये पुढच्या बाकावर एक गृहस्थ लुंगी नेसून बसले होते. हिरवट निळी, पांढऱ्या आणि पिवळ्या रेघांची चौकडी. बाबांची जुनी लुंगी. झालं.

२० फेब्रुवारी

आईनं पहिला बटण्या शिवला. मला खरा हातात हवा होता, नुसत्या चित्रावरून कापडाचं वजन कळत नाही. मी कागदावर बेत काढून दिला होता. तिनं तो बघितला, बाजूला ठेवला आणि लुंगीवर सरळ कात्री चालवली. "कितें गो हें? सोसो काय माजर?" तिला सांगितलं की ससा की मांजर, तेच ठरवायचं नाहीये. मग ती खुशीत आली.

उंची २८ सेंटिमीटर. मशीनवर टीप, उलटं करून चिंध्या भरल्या, पोटाची शिवण हातानं बंद. ती हाताची शिवण वाकडी गेली, धागा पांढराच वापरला कारण सुईत तोच ओवलेला होता. मी म्हटलं उसवू नकोस. आता ती वाकडी पांढरी शिवण मॉडेल शीटवर, म्हणजे पात्राच्या नमुना-चित्रावर आहे, प्रत्येक कोनातून, अकरा टाके मोजून. संपूर्ण खेळण्यात आजी जर कुठं दिसत असेल तर तिथं.

करवंटीचं बटण घासायला मला दोन तास लागले. भोक पाडताना दोन फुटली.

३ मार्च

सकाळी बातमी: लाटव्हियाच्या 'फ्लो'ला ऑस्कर. सगळा चित्रपट ब्लेंडरवर, फुकटच्या सॉफ्टवेअरवर केलेला, आणि संवाद एकही नाही. चौघांच्या गटात दिवसभर नाच. ब्लूई ज्या सेलअॅक्शन सॉफ्टवेअरवर होतं ते आम्हाला परवडणारं नव्हतं, म्हणून आम्हीही ब्लेंडरच धरलं होतं. आता ती काटकसर राहिली नाही, दूरदृष्टी झाली.

९ मार्च, रविवार

आजची नोंद मोठी होणार.

बहीण फर्मागुडीहून आली होती, भाच्याला घेऊन. पाच वर्षांचा. त्याला बटण्या दिला आणि अंगणात खेळ म्हटलं. मोबाइल तिवईवर, सेकंदाला ६० चौकटींवर (फ्रेमवर). मला एवढंच हवं होतं की मूल कापडी खेळणं ओढत चालतं तेव्हा ते पायरीवर कसं आपटतं, वळताना किती मागे राहतं.

चाळीस मिनिटं चित्रण केलं. रात्री बघायला बसले आणि सगळं खोटं निघालं. तो बटण्याला छातीशी धरतो, त्याच्याकडे बघतो, कॅमेऱ्याकडे बघतो, पुन्हा बटण्याकडे. जाहिरातीतलं मूल. मध्येच म्हणतो, "मावशे, आतां पुरो?"

पण कॅमेरा बंद करायचा राहिला होता. पुढची नऊ मिनिटं कुणी बघत नसतानाची. बटण्या तुळशीपाशी पडलाय. भाचा आत जाऊन त्याची 'गोदू' घेऊन आलाय. गोदू म्हणजे गोधडीचा टीचभर तुकडा, मूळ रंग कुणालाच आठवत नाही, कडेच्या दशा लोंबतात. हा तुकडा तो दोन वर्षांचा असल्यापासून त्याच्या हातात आहे.

नऊ मिनिटांत त्यानं गोदूकडे एकदाही बघितलं नाही.

पुन्हा लावून बघितलं. खरंच एकदाही नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांत टोक धरलेलं, बाकी सगळं जमिनीवर घासतंय. मुंग्यांची रांग दिसली तेव्हा तो उकिडवा बसला, दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून गोदू खाली टाकली आणि तिच्यावर पाय ठेवला. वारा आला तर उडू नये म्हणून असेल, किंवा नुसतीच ती अंगाला लागलेली हवी म्हणून. उठताना न बघता हात खाली गेला आणि नेमकं तेच टोक बोटांत आलं. पायाचं बोट आपण बघून हलवतो का? तसं.

अॅनिमॅटिक, म्हणजे भागाचं कच्च्या चित्रांचं चलचित्र, उघडलं. पहिल्या भागात मनू बटण्याकडे प्रेमानं बघते असे चौदा शॉट आहेत. चौदा! आम्ही मोठ्या माणसांनी काढलेत ते. नवीन मोबाइलकडे आपण बघतो तसं ती त्याच्याकडे बघतेय.

दिग्दर्शिकेला ती नऊ मिनिटं रात्रीच पाठवली. उत्तर पहाटे आलं: "चौदाही काढ."

२२ मार्च

रिग तयार. सपाट जाळीवर चित्र चिकटवून आत हाडं घातलीत. डोकं, दोन कान, धड, चार पाय, मिळून अकरा हाडं. पहिली चाचणी बघून संकलकाचा निरोप: "हा जिवंत आहे."

कौतुक नव्हतं ते. त्याचं बरोबर आहे. कान उशिरा हलतात, डोकं आधी वळतं, मग धड येतं, म्हणजे मी सवयीनं त्याला प्राण्यासारखं हलवलंय. प्राणी स्वतः निघतो. खेळण्याला कुणीतरी नेतं. हालचाल नेहमी मनूच्या हातापासून सुरू व्हायला हवी आणि बटण्यात शेवटी पोचायला हवी. त्याच्या डोक्याला वळण्याचं काही कारणच नाही.

रिग उलटी बांधतेय. आता मूळ हाड कमरेत नाही, जिथं मनूची बोटं आहेत तिथं आहे. एका शॉटमध्ये कान धरलेला, दुसऱ्यात मागचा पाय. म्हणजे एकाच बटण्याच्या तीन रिग. सगळ्यात सोपं काम.

१२ एप्रिल

चिंध्यांचं भरण जड होतं, ३१० ग्रॅम. ओढताना गोणीसारखा येतो. बाजारातला पॉलिएस्टर फायबर भरून बघितला, तर ९० ग्रॅम आणि दाबला की टणकन् वर येतो. बटण्या दाबून सोडल्यावर दबलेलाच राहायला हवा. रात्रभर मनूच्या मानेखाली राहिलेलं खेळणं सकाळी चपटं असतं.

घरामागच्या उतारावर काटेसावर आहे. बोंडं फुटायला लागलीत. आई म्हणाली की पूर्वी उशा याच कापसाच्या असत. पिशवी घेऊन गेले. हा कापूस हातात घेतला की आहे की नाही असं वाटतं. तंतू आतून पोकळ, वर मेणासारखा थर, म्हणून पाणी सहज धरत नाही आणि एकट्याचं सूतही होत नाही, बोटांतून निसटतो. याच्याच जातकुळीतल्या कापोकच्या कापसानं एकेकाळी बोटीवरची जीवरक्षक जाकिटं भरत.

सरकी काढताना अख्ख्या घरात कापूस. पंखा लावायची चूक मी केली. आई काही बोलली नाही, फक्त पंख्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिली.

नवीन वजन १२५ ग्रॅम. पोटाला दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. पायांत कापूस खाली सरकून गुडघे पोकळ झालेत, म्हणून पाय लोंबतात. हे चित्रात घेतलं: वरचा पाय बारीक, पाऊल फुगीर. फेरीबोटीच्या भागासाठी आणखी एक सोय अशी की हा नदीत पडला तर खरंच तरंगेल. संहितेत तो पडत नाही. पण मला माहीत असलेलं बरं.

२७ एप्रिल

चौकडीनं गेले दहा दिवस खाल्ले. आता सुटलंय, तर लिहून ठेवते, पुढच्या कुणाच्या तरी कामी येईल.

पहिल्यांदा मी चौकडी पडद्याला बांधली होती. बटण्या हलतो, चौकडी जागची हलत नाही. दिसतं कसं, तर बटण्याच्या आकाराचं भोक आणि मागे टांगलेली लुंगी. मग चौकडी जाळीला बांधली. आता ती अंगाबरोबर ताणते, मुडपते, छान. पण हाताची पकड बदलली की रिग बदलते आणि त्या एका चौकटीत सगळ्या रेघा दोन मिलिमीटर उडी मारतात. डोळ्याला लगेच टोचतं.

तिसरा त्रास मोबाइलवर दिसला. चौकडी बारीक होती. चित्र छोटं झालं की रेघा एकमेकींत मिसळून लुकलुकतात, पाण्यावरच्या उन्हासारख्या. मोठ्या पडद्यावर कळत नव्हतं, आणि आमची मालिका बघणार सगळे मोबाइलवरच.

उपाय शेवटी बावळटपणाचा वाटावा इतका सरळ निघाला. रेघा कमी केल्या. अख्ख्या धडावर उभ्या चार आणि आडव्या तीन. तिन्ही रिगमध्ये एक रेघ नेमकी पोटावरच्या वाकड्या शिवणीपाशी येईल अशी बसवली. नजर शिवणीवर असते, ती स्थिर राहिली की बाकीची उडी कुणाला जाणवत नाही. खरी लुंगी आता चित्रातल्या लुंगीपेक्षा भरगच्च आहे, आणि तरी चित्रातलीच जास्त लुंगी वाटते.

२६ मे

पाऊस काल आलासुद्धा! मे संपायच्या आत. वीज सकाळपासून तीनदा गेली. रेंडर, म्हणजे पक्क्या चौकटी काढणं, बंद. बोळातून पोदेर, म्हणजे पाववाला, पों पों करत गेला तेवढाच आवाज.

१८ जून

चौथ्या भागासाठी बटण्याला खरोखर धुवायचं ठरलं होतं. धुतला. दोरीवर कानाला दोन चिमटे लावून पडवीत टांगला. चार दिवस झाले, कापूस बाहेरून कोरडा आणि आतून गार. पाचव्या दिवशी पाठीवर काळे ठिपके. बुरशी.

आईनं त्याला न्हाणीघरातल्या चुलीवर दोरी बांधून लटकवलं. आता त्याला धुराचा, नारळाच्या सोडण्यांचा आणि किंचित साबणाचा वास येतो. संहितेत मनू धुतलेल्या बटण्याला नाकाशी धरते आणि म्हणते, "हा तो नाही." पुढं काय करायचं हे आम्हाला सुचत नव्हतं. माफी, समजूत, आजीची गोष्ट, सगळं लिहून खोडलं होतं. आता दिग्दर्शिकेनं लिहिलंय की आजी काहीच बोलत नाही, बटण्याला चुलीवर टांगते, आणि मनू रोज सकाळी येऊन हुंगून जाते. सहाव्या दिवशी घेऊन जाते. समजूत कुणी घालत नाही.

ठिपके मी चित्रातही ठेवलेत. पाचव्या आणि सहाव्या भागात पाठीवर तीन. पहिल्या भागात नाहीत. कोण बघणार आहे? एखादं मूल बघेल.

५ जुलै

एका वाहिनीच्या माणसांबरोबर बैठक झाली, ऑनलाइन. पहिला भाग अर्धा रंगवून दाखवला. बोलणं नम्र होतं. त्यांचं म्हणणं असं: खेळणं बोललं पाहिजे. निदान मनू झोपल्यावर तरी. डोळे मिचकावले पाहिजेत. आणि दोन वेगळ्या बटणांमुळे ते "जरा गरीब" दिसतं, तर डोळे सारखे करता येतील का, म्हणजे पुढे प्लॅस्टिकमध्ये काढायलाही सोपं जाईल.

दिग्दर्शिका हो-हो करत होती, याचा अर्थ मला माहीत आहे. बैठक संपल्यावर तिनं फोन केला आणि म्हणाली, "पैसे लागतील गं." मी म्हटलं लागतील. दोघी थोडा वेळ गप्प.

माझी बाजू इथं लिहून ठेवते. बटण्या रात्री उठून बोलायला लागला तर तो मनूचा राहत नाही, आमचा होतो. मग मनू झोपल्यावरही गोष्ट चालू राहते आणि तिला काहीच माहीत नसतं. ते दुसऱ्या प्रकारचं चित्र आहे, चांगलंही असू शकतं, पण मी नऊ मिनिटं बघितलीत.

डोळे सारखे करायचे तर नावही बदलावं लागेल, हा मुद्दा मात्र बैठकीतच सुचायला हवा होता.

१९ जुलै

सकाळी ओठाखालच्या सावलीसाठी खरा बटण्या हवा होता. टेबलावर नाही. भाच्यानं नेला म्हणावं, तर त्याला बटण्यात काडीचा रस नाही, त्याची गोदू त्याला पुरते. शोधता शोधता आईच्या मशीनवर सापडला. सुईच्या उजव्या हाताला, पाठीवर टाचण्या टोचलेल्या, ओळीनं.

"आई!"

"कितें जालें? बरो आसा. निसटना." सावरीच्या कापसात टाचणी गुळगुळीत जाते आणि घट्ट राहते म्हणे. शिवाय गणेश चवथीच्या आधीची शिलाईची गर्दी, तिची जुनी टाचण्यांची उशी फाटलेली.

मला हसू आलं, कारण हे उलट्या दिशेनं एकदा घडून गेलंय. जर्मनीतल्या गिंगेनच्या मार्गारेट स्टाइफ शिवणकाम करत. त्यांनी १८८० मध्ये फेल्टचा छोटा हत्ती केला तो टाचण्या टोचायला. मुलांनी तो उचलला आणि खेळायला घेतला, आणि त्यातून पुढे खेळण्यांचा अख्खा कारखाना उभा राहिला. आमच्याकडे खेळणं म्हणून केलेला हत्तीचा भाऊबंद टाचण्यांकडे परत गेला.

दिग्दर्शिकेला फोटो पाठवला. तिला लगेच बटण्याचा जन्म दिसला: आजीची टाचण्यांची उशी, रांगणाऱ्या मनूनं मशीनखालून ओढून घेतली, आजीनं टाचण्या काढून कान आणि पाय जोडले. सहाव्या भागात अर्ध्या मिनिटाचा शॉट. संकलकाला भीती की लहान मुलांच्या मालिकेत टाचण्या दाखवल्या तर पालक भांडतील. त्याचंही खरं आहे. तोडगा असा निघाला की टाचण्या दाखवायच्या नाहीत, आजीनं चष्मा लावून बोटांनी उशी सगळीकडून दाबून बघणं दाखवायचं, दोनदा. मुलांना ते काय आहे हे कळणार नाही. शिवणाऱ्या बाईला कळेल.

वाहिनीकडून उत्तर नाही.

२४ ऑगस्ट

चवथ तीन दिवसांवर. काम बंद. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं सामान, घर पुसणं, बहिणीकडची मंडळी. ब्लेंडर आता महिना संपल्यावर.

१२ सप्टेंबर

शॉट २७.

पहिल्या भागाच्या एकूण १०,५०० चौकटी, सेकंदाला २५ धरून. त्यातल्या या ११० चौकटींवर मी सतरा दिवस घालवलेत, आणि त्यात बटण्या नाही.

फेरीबोट दिवाडीच्या धक्क्याला लागते. उतारावरून माणसं, स्कूटर, एक म्हातारे गृहस्थ सायकल धरून. मनू आजीचं बोट धरून उतरते, दुसऱ्या हातात भुईमुगाची पुडी. पुढं वाटेत एक कुत्रा झोपलाय, ती त्याच्याकडे बघायला थांबते. पुडी आजीकडे देते. डोळे कुत्र्यावर. मोकळा झालेला हात न बघता खाली, मागे जातो. जिथं कान असायचा तिथं.

हात बंद होतो. रिकामा.

पहिल्या आवृत्तीत ती लगेच वळून बघायची. घाईचं वाटलं. आता हात एकदा बंद होतो, उघडतो, थोडा आणखी मागे जाऊन पुन्हा बंद होतो. चेहरा अजून कुत्र्याकडेच, हसू तसंच. चौदा चौकटी काहीच नाही. मग हसू आहे तिथं राहतं आणि डोळे फक्त थांबतात. तेव्हा ती वळते. पूर्ण भागात मनू बटण्यासाठी नजर वळवते ती एवढ्या एका जागी, आणि तिथं तो नसतो.

बोटांसाठी संदर्भ भाच्याचाच घेतला. त्याच्या मागून गोदू हळूच काढून घेतली आणि चित्रण केलं. एकदाच. तो रडला, बहीण माझ्यावर चिडली, आणि दोघांचंही बरोबर होतं. पुन्हा तसलं काही करणार नाही.

दिग्दर्शिकेचा निरोप रात्री: "झालं. आता हात लावू नकोस."

वाहिनीचं उत्तर याच आठवड्यात आलं. त्यांना सध्या 'अशा स्वरूपाचा' कार्यक्रम नको आहे. म्हणजे डोळे सारखे करायचे नाहीत. पैशांचं अजून काही ठरलं नाही. पहिला भाग आपल्याच बळावर पुरा करायचा आणि यूट्यूबवर टाकायचा इतकंच ठरलंय.

४ ऑक्टोबर

पहिल्या भागाचं ध्वनिमुद्रण. मडगावहून माइक घेऊन संकलक आमच्याकडे आला, कारण चिऱ्याच्या पायऱ्या आमच्याकडे आहेत. बटण्या पायरीवरून ओढला जातो तेव्हा करवंटीचं बटण दगडाला लागतं: टक. शर्टाचं प्लॅस्टिक बटण: टिक. चार पायऱ्या. टक, टिक, टक, आणि शेवटच्या पायरीला तो पाठीवर पडतो म्हणून नुसता कापडाचा आवाज. त्याला ते इतकं आवडलं की आता पार्श्वसंगीताच्या पहिल्या सुरांआधी हेच ठेवायचं म्हणतोय.

दुपारी बेडूक आणि शेजारचा पंप. रात्री साडेअकराला पुन्हा बसलो. बटण्या आणायला आत गेले तर आईनं परकराला दुमड घालताना तो पुन्हा टाचण्यांनी भरलेला. झोपलेल्या आईला न उठवता अंधारात एकेक काढून वाटीत टाकल्या. बावीस निघाल्या. तिला सकाळी विचारायला हवं, एकूण किती होत्या. तोवर पायऱ्यांवर कुणी अनवाणी जायचं नाही असं संकलकाला सांगितलंय, आणि तो चप्पल घालून, हातात माइक धरून, बटण्याला एका कानाला उचलून तिसऱ्या पायरीवर उभा आहे.